जुनी वेगवान गाडी थंड असतानाच दाखवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘वाहन विक्री’ या मथळ्याखाली पूर्वी व्हॅन, इंडिका, फार तर स्विफ्ट असायच्या. आता त्याच रकान्यात पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, क्वचित ऑक्टाव्हिया आरएस अशा वेगवान गाड्या दिसतात, आणि त्यांतील बऱ्याच एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगच्या, म्हणजे पुणे-पिंपरीकडे वापरून सोलापुरात आलेल्या असतात. पोलोचे उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबले, अबार्थ पुंटो त्याआधीच बंद झाली आणि २०२० मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस २४५ तर देशभरासाठी अवघ्या २०० गाड्यांपुरती होती. त्यामुळे ज्याला अशी गाडी हवी त्याला ती जुनीच घ्यावी लागते, आणि ही गरज घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला अधिक चांगली ठाऊक असते.

माझी तक्रार गाड्यांविषयी नाही, त्या ज्या पद्धतीने दाखवल्या जातात तिच्याविषयी आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने शहरातील एका एजंटाकडून टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाची, ऑटोमॅटिक गिअरची अशी एक गाडी घेतली. मी सूतगिरणीच्या देखभाल विभागात तीस वर्षे काढलेली असल्याने तो मला सोबत घेऊन गेला होता. सकाळी साडेनऊची वेळ ठरली होती. गाडी शेडखाली उभी होती, टायरला काळे पॉलिश मारलेले, डॅशबोर्डवर गणपती, आत अत्तराचा वास. मी सहज बॉनेटवर हात ठेवला तर पत्रा कोमट लागला. एजंट म्हणाला, “काका, आत्ताच धुवायला काढली होती.” मी गप्प बसलो. पुतण्याचा चेहरा पाहून माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, हे कबूल करतो. सात रस्त्यापर्यंत एक राउंड झाला, एसी गार लागला, पिकअप पाहून पुतण्या खूश झाला आणि तिथेच टोकन दिले गेले. पुढच्या महिन्यात पहाटे पंढरपूरला निघताना, रात्रभर थंड झालेल्या त्या गाडीने पहिल्याच स्टार्टला निळ्या धुराचा लोट सोडला. त्यानंतर पंधरा दिवसांत गिअरबॉक्स गर्दीत धक्के देऊ लागला. दुरुस्तीचा खर्च लाखाच्या पुढे गेला.

इंजिन आधीच तापवून ठेवले की बरेच काही झाकले जाते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून किंवा टर्बोच्या सीलमधून झिरपलेले ऑईल पहिल्या स्टार्टला जळते आणि निळा धूर निघतो. गाडी दहा मिनिटे चालली की तो बऱ्याचदा दिसेनासा होतो. टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) सैल झाली असेल तर तिची खडखड पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते, ऑईलचा दाब चढला की थांबते. थंडीत सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ घाबरण्यासारखी नसते, पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर सुटतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) आत जळत आहे असे समजावे. कूलंटचे झाकणही थंड इंजिनावरच उघडता येते, तापलेल्यावर उघडले तर हात भाजतो, आणि नेमके तेच पाहणे आपल्याकडे फार गरजेचे आहे. नळाला पाणी रोज येत नसल्यामुळे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओतणारी मंडळी मी पाहिली आहेत. कूलंटच्या टाकीच्या कडेला पांढरट क्षाराची साय धरलेली दिसली तर तिथूनच परत फिरावे. ज्या टर्बोला ऑईलबरोबर पाण्याचाही थंडावा लागतो, त्याला मे महिन्यातल्या आपल्या उन्हात असे रेडिएटर काय साथ देणार?

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरतो, तोही ऑईलच्या पातळशा थरावर. म्हणून अशा गाडीत मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा ऑईल कधी आणि कोणते बदलले याची बिले मोलाची असतात. ‘सर्व्हिस सगळी झालेली आहे’ हे वाक्य म्हणजे बिल नव्हे. मालकाची हरकत नसेल तर चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी विचारता येतात. मालक हरकत घेत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जी साध्या वॅगन-आरमध्ये सहसा घडत नाही, ती म्हणजे रीमॅप. पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटरचे इंजिन मुळात १०५ अश्वशक्तीचे; इंजिनाच्या कॉम्प्युटरमधील प्रोग्राम बदलून त्यातून पुष्कळ जास्त ताकद काढता येते आणि विकण्यापूर्वी जुना प्रोग्राम परत टाकून गाडी सोज्वळ करता येते. खुणा मात्र राहतात. हवेच्या पाइपवर कंपनीच्या क्लिपऐवजी बाजारातल्या क्लॅम्पा, एअर फिल्टरच्या डब्याचे बदललेले स्क्रू, सायलेन्सरच्या नळीवर ताजे वेल्डिंग, या गोष्टी टॉर्च घेऊन पाहिल्या तर दिसतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातील तपशिलाशी विसंगत असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, त्यामुळे उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवले तर ते नव्या मालकाच्या गळ्यात येते.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय अशी गाडी घेऊच नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. स्कॅनरवर ‘एकही फॉल्ट नाही’ असे दिसले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण सकाळी दोषांचे कोड पुसून ठेवलेली गाडीही तेच दाखवते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि आतल्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे स्कॅनरवर वेगळे पाहता येते. पुसून दहा किलोमीटर झाले असतील तर पुसले का, हे विचारावे. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरबरोबर इतर कॉम्प्युटरमध्येही राहते आणि मागे फिरवलेला मीटर तिथे उघडा पडतो. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीतील सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गर्दीत सरपटत चालवून पाहावा, नवी पेठेतल्या संध्याकाळइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या प्रकारात साधारण ६०,००० किलोमीटरला तेल बदलावे लागते, त्याचे बिल मागावे. इंजिनाची खरी ओढ पाहायची तर सात रस्ता पुरत नाही. तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन यावे, चढावर गाडी अडखळते का ते कळते. पेट्रोलचे पैसे आपण द्यावेत, म्हणजे नकाराला जागा राहात नाही.

बाकीच्या तपासण्या कोणत्याही गाडीसारख्याच आहेत. टायरवरच्या चार आकड्यांत ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, ठोकर झाकायला लांबी (पुट्टी) भरलेल्या पत्र्यावर मापक यंत्राचा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. विम्याच्या जुन्या पॉलिसीतील नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पाहावा. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो, त्यामुळे ‘कधीच ठोकली नाही’ म्हणणाऱ्या एकाच मालकाच्या सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर प्रश्न विचारायला हरकत नाही. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम करून नोंदणीकृत जुन्या वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक केले, आणि १ एप्रिल २०२३ पासून ते नियम लागू आहेत. मालकाने अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना दिली की तो विक्रेता त्या गाडीचा मालक मानला जातो आणि गाडी कधी, कशासाठी, किती किलोमीटर बाहेर काढली याची नोंद त्याला ठेवावी लागते. ‘धुवायला काढली होती’ हे वाक्य अशा नोंदवहीत तपासून पाहता आले असते. आम्ही ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडे अधिकारपत्र होते की नाही, हे आम्ही विचारलेच नाही, ही चूक आमची.

आपल्याला विनंती एवढीच की, जुन्या वाहनांची जाहिरात एजंटाकडून आल्यास त्याच्या अधिकारपत्राचा क्रमांक जाहिरातीतच छापावा आणि तो नसल्यास ती जाहिरात स्वीकारू नये. एका ओळीची जागा जास्त लागेल, तिचे पैसे एजंटाकडून घ्यावेत.

आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर