एअर रायफलला दुर्बीण घेण्याआधी

संपादक महोदय,

नाशिकमध्ये एअर रायफल शिकू लागलेल्या मुलांसाठी काही पालक हौसेने दुर्बीण घेऊन येतात. १० मीटरच्या स्पर्धेत ती चालतच नाही! तिथे नेम धरायला बंदुकीवर मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे रिंग लागते. लक्ष्याचं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं. रिंग फार लहान निवडली की मूल नेम जुळवतच बसतं, श्वास संपतो, डोळा थकतो आणि छर्रा भरकटतो. वर्तुळाभोवती पांढरी कड ठळक दिसेल, अशी मोठी रिंग द्या.

घरच्या स्प्रिंगच्या बंदुकीला दुर्बीण लावायचीच, तर एअरगनसाठी बनवलेलीच घ्या. स्प्रिंगचा झटका आधी मागे, मग पुढे बसतो. साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते. पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमही हलल्यासारखा दिसण्याचा दोष, ज्या अंतरावर नाहीसा होतो, ते १० मीटरपर्यंत खाली आणता यायला हवं. बंदुकीच्या खाचेवरचं तेल पुसा, माउंट (दुर्बीण धरणारी पकड) मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन बसवा, स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. आतली उभी रेघ ओळंब्याशी जुळवा. दुर्बिणीच्या नॉबच्या पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने नेम १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी सरकतो, तेव्हा पाच छर्ऱ्यांचा गट पाहूनच नॉबला हात लावा.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, नाशिक