मीटर दुरुस्त होतो, नोंद मात्र होत नाही

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

नारायणगाव परिसरातून वाशीच्या बाजार समितीपर्यंत टोमॅटो आणि कांद्याची भाडी करणारा एक पिकअपमालक या नात्याने, जुन्या मालवाहू गाड्यांच्या बंद पडलेल्या किलोमीटर मीटरविषयी काही मुद्दे आपल्या वाचकांपुढे आणि परिवहन विभागापुढे मांडू इच्छितो. आमच्या भागात जुनी पिकअप विकायला निघाली की ‘मीटर बंद आहे, बाकी गाडी एक नंबर’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की घेणाराही त्याकडे फारसे लक्ष देत नाही. वास्तविक गाडी किती चालली आहे हे सांगणारा दुसरा भरवशाचा पुरावा गाडीत नसतो. नारायणगाव ते वाशी ही जाऊन-येऊन फेरी तीनशे किलोमीटरच्या आसपास धरली, तर हंगामात सलग धावणारी गाडी वर्षाला 80-90 हजार किलोमीटर सहज कापते. त्यात जुन्या पाच आकडी मीटरमध्ये 99,999 नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. त्यामुळे 62 हजार दाखवणारी गाडी खरोखर 62 हजार चालली, की एक लाख 62 हजार, की त्याहून अधिक, हे समोरच्या माणसाच्या शब्दावरच ठरते.

प्रथम दुरुस्तीविषयी लिहितो, कारण हा बिघाड फार खर्चिक किंवा गूढ आहे असा गैरसमज आहे. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे या दोन्हींना एकाच केबलमधून गती मिळते. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला पिनियन नावाचे एक लहान दातेरी चाक असते, ते केबलच्या आतली तार फिरवते आणि ती तार मीटरच्या मागे जाऊन बसते. तिथे एक चुंबक फिरतो व त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी आणि तिला जोडलेला काटा हलतो. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच दांड्यावरच्या बारीक दातेरी चाकांनी पुढे सरकतात. यावरून निदान सोपे होते. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या पिनियनमध्ये असतो. काटा व्यवस्थित चालतो पण आकडे जागचे हलत नाहीत, अशी स्थिती असेल तर दोष मीटरच्या आत असतो. मीटर खोलण्याआधी हा फरक तपासणारा मिस्त्री भेटला तर ग्राहकाचे पैसे वाचतात.

माझ्या गाडीचे दोन्ही बंद झाले होते. केबल मीटरच्या मागून सोडवली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून दोघांनी ढकलली आणि तारेच्या टोकाकडे पाहिले, तर ते टोक जरासुद्धा फिरत नव्हते. मग गिअरबॉक्सकडचा नट सोडून तार बाहेर ओढली. तिचे चौकोनी टोक झिजून जवळजवळ गोल झाले होते, त्यामुळे पिनियनमध्ये ते नुसतेच घसरत होते. नवी केबल बसवताना मिस्त्रीने दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे मुद्दाम नोंदवतो. पहिली अशी की तारेला पातळ ग्रीस लावायचे, पण मीटरकडच्या टोकाचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा. नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरते आणि काटा चिकटतो. दुसरी अशी की केबल केबिनच्या पत्र्यातून आत येते तिथे तिला तीव्र बाक द्यायचा नाही, कारण काटा थरथरण्याचे आणि पुढे तार तुटण्याचे मूळ बहुतेक वेळा त्या बाकात असते. काचेच्या आत तेलाचा ओशट डाग दिसत असेल, तर गिअरबॉक्सकडचे सील गेले आहे आणि तेल केबलमधून वर आले आहे असे समजावे. अशा वेळी सील न बदलता फक्त केबल बदलणे म्हणजे तोच खर्च काही महिन्यांनी पुन्हा करणे होय.

आकडे बंद आणि काटा चालू, हा दुसरा प्रकार अधिक चिवट आहे. आतले प्लास्टिकचे दातेरी चाक वयोमानाने तडकते, दांड्यावर सैल होते व जागच्या जागी फिरत राहते. झटपट चिकटणारा गोंद लावून ते बसवण्याचा उपाय सर्रास केला जातो; तो टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चाक बदलणे हा योग्य मार्ग आहे, पण जुन्या मीटरची सुटी चाके सहजी मिळत नाहीत, म्हणून भंगारातल्या गाडीचा अख्खा मीटर आणून बसवला जातो. तो बसवताना तो त्याच मॉडेलचा आहे की नाही हे पाहावे लागते, कारण एका किलोमीटरमागे केबलचे किती फेरे धरायचे हे प्रत्येक मीटरमध्ये ठरलेले असते आणि ते जुळले नाही तर वेग व अंतर दोन्ही चुकतात. मोठ्या मापाचे टायर टाकले तरी हाच घोटाळा होतो. दुरुस्तीनंतर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा मोबाइलच्या जीपीएसवरून दहा-वीस किलोमीटरचे अंतर ताडून पाहावे, त्यासाठी वेगळ्या यंत्राची गरज नाही.

माझा खरा मुद्दा मात्र इथूनच सुरू होतो. भंगारातला मीटर गाडीत येतो तेव्हा तो दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर घेऊन येतो. तो आकडा तसाच राहिला तर आपली गाडी कागदावर कमी किंवा जास्त चाललेली दिसते, आणि कारागिराकडून जुना आकडा लावून घेतला तर तो खरा होता की सोयीचा, हे तपासायला कोणतीही नोंद उरत नाही. प्रामाणिक दुरुस्ती आणि विक्रीपूर्वीची लबाडी यांत बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरने हा प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिथे आकडा एका स्मृतिचिपमध्ये साठवलेला असतो आणि तो बदलणारी उपकरणे बाजारात उपलब्ध आहेत. तिथे बिघाडाचे स्थान तेवढे बदलले आहे. केबलऐवजी गिअरबॉक्सवरचा सेन्सर, त्याची वायर किंवा चिखलपाण्याने गंजलेला कनेक्टर तपासावा लागतो.

यावर कायद्याचे लक्ष कुठे आहे, तेही पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये वेग दाखवणाऱ्या स्पीडोमीटरची तरतूद आहे आणि योग्यता तपासणीच्या बाबींतही स्पीडोमीटरचा समावेश आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. म्हणजे जुनी पिकअप दर वर्षी तपासनिसाच्या समोर उभी राहते, त्याची नजर मीटरवर जाते, आणि तरीही तिथे दिसणारा किलोमीटरचा आकडा गाडीच्या पुढच्या आयुष्यात कोणाच्या कामी येत नाही. वर सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा बिघाड, म्हणजे काटा चालू आणि आकडे बंद, या चाळणीतून अलगद निसटतो. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत, विक्रेत्याच्या ताब्यातील गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवण्याची आणि त्यात अंतराचीही नोंद करण्याची तरतूद आहे. ती स्वागतार्हच आहे. परंतु आमच्याकडे बहुतेक पिकअप ओळखीतून, बाजारच्या दिवशी, चहाच्या टपरीवर हात बदलतात आणि तिथे हे नियम पोहोचत नाहीत.

मालक मंडळींनाही थोडे बोलले पाहिजे. मीटर बंद असणे अनेकांना सोयीचे वाटते. ड्रायव्हर केबल सोडून खासगी भाडे मारतो आणि मालकाला कळत नाही. मालक भाडेकऱ्याला अंतर वाढवून सांगतो आणि त्यालाही कळत नाही. पण ॲव्हरेज किती पडले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला डिझेल चोरीला गेले की इंजिन पिऊ लागले हे कसे समजणार? इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल किलोमीटरवर बदलायचे असते. अंदाजाने बदलणारा एकतर चांगले तेल फेकून देतो किंवा जळक्या तेलावर माळशेज घाट चढवतो.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, त्याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने ओडोमीटरमधील, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या मीटरमधील, फेरफार गुन्हा ठरला. त्या देशातील तरतुदीनुसार दुरुस्तीनंतर पूर्वीचाच आकडा कायम ठेवता येत नसेल, तर मीटर शून्यावर आणावा लागतो आणि दुरुस्तीपूर्वीचे अंतर व दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना गाडीच्या डाव्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवावी लागते. (त्यांचा चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे ती उजवीकडे लागेल, एवढाच काय तो बदल.) बेल्जियममध्ये 2006 पासून ‘कार-पास’ नावाची व्यवस्था आहे. तिथे गॅरेज आणि तपासणी केंद्रे किलोमीटरचे आकडे एका ठिकाणी कळवतात व जुनी मोटार किंवा हलके मालवाहू वाहन विकणाऱ्याला ती नोंद खरेदीदाराच्या हाती द्यावी लागते.

आपल्याकडे एवढी मोठी यंत्रणा उभी राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परिवहन विभागाने पासिंगच्या वेळी दिसणारा ओडोमीटरचा आकडा, आणि मीटर बंद असल्यास ‘बंद’ हा शेरा, योग्यता प्रमाणपत्रावर छापावा व तो ‘वाहन’ पोर्टलवर कोणालाही पाहता यावा. मालकी हस्तांतरणाच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या अर्जांत हा आकडा लिहून दोघांनी सही करण्याची सोय करावी. मीटर दुरुस्त करणाऱ्याने पावतीवर जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख लिहिणे बंधनकारक करावे, आणि अमेरिकेप्रमाणे दरवाजाच्या चौकटीवरील सूचनेचाही विचार व्हावा. हे नियम होईपर्यंत मालकांनी मीटर खोलण्याआधी व बसवल्यानंतर आकड्याचे छायाचित्र काढावे, गाडीचा नंबर घातलेली पावती मागून घ्यावी आणि ती आरसी व विम्याच्या कागदांबरोबर गाडीतच ठेवावी. पावती द्यायला जो कारागीर नकार देईल त्याच्याकडे मीटर उघडू नये.

आपला विश्वासू,
एक पिकअपमालक,
ता. जुन्नर, जि. पुणे