निर्लेखनाआधी केबल तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही तिथून फोन येतात. गेल्या महिन्यात आला तो असा: जुना संगणक बंद पडला, नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जुनी जोडणी) नाही, यूएसबीची केबल आणून लावली तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटतात, म्हणून त्या संगणकाला जोडलेला इलेक्ट्रॉनिक बॅलन्स, म्हणजे वजनकाटा, निर्लेखित करायचा, म्हणजे भंगारात काढायचा आहे. 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चोख वजन दाखवणारा बॅलन्स! मला राहवेना. गेलो.

आधी केबल बॅलन्सपासून सोडवली. तिच्या 2 आणि 3 क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्या, टर्मिनल प्रोग्राममधला (पोर्टवर अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा प्रोग्राम) लोकल इको, म्हणजे टाइप केलेलं स्वतःच पडद्यावर दाखवण्याची सोय, बंद केला आणि काही अक्षरं टाइप केली. ती जशीच्या तशी परत आली. म्हणजे केबल ठीक, ड्रायव्हरही ठीक. मग बॅलन्सचा मेनू उघडला. तो 2400 बॉड (पाठवण्याचा वेग), दर अक्षराला 7 बिट आणि ईव्हन पॅरिटीवर (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) बोलत होता. लॅपटॉप 9600, 8 बिट, विनापॅरिटी ऐकत होता. आकडे जुळवले आणि वजनं ओळीनं येऊ लागली. संगणक सीरियल पोर्टांना कॉम 1, कॉम 2 असे क्रमांक देतो. नोंदी घेणारा जुना प्रोग्राम मात्र कॉम 1 ते कॉम 4 एवढीच पोर्ट ओळखायचा, आणि लॅपटॉपनं केबलला कॉम 11 दिलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो क्रमांक बदलला. झालं.

यूएसबीचं उपकरण जोडताक्षणी आपली ओळख स्वतः सांगतं. या सीरियल पोर्टचं आरएस-232 हे मानक 1960 सालचं. त्यात अशी ओळख सांगण्याची सोयच नाही. वेग, बिट, पॅरिटी दोन्ही टोकांना आधीच ठरवून द्यावी लागते. हे माहीत नसल्यानं किती चांगली यंत्रं भंगारात जात असतील, या विचारानं मी खरोखर अस्वस्थ होतो.

केबल विकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. आरएस-232 मध्ये 1 म्हणजे उणे 3 ते उणे 15 व्होल्ट आणि 0 म्हणजे अधिक 3 ते अधिक 15. टीटीएल केबल, म्हणजे सर्किट बोर्डावरच्या चिपांशी थेट बोलणारी केबल, 0 ते 5 किंवा 0 ते 3.3 व्होल्टवर चालते. ती थेट अशा बॅलन्सला जोडली तर केबलमधली चिप जळू शकते. तरी दोन्ही ‘यूएसबी ते सीरियल’ म्हणूनच विकल्या जातात. व्होल्टेज आणि आतली चिप वेष्टनावर ठळक छापा. उपकरण बनवणाऱ्यांनीही पिनांची जोडणी आणि आज्ञांची यादी सर्वांना मिळेल अशी ठेवावी, मॉडेल बंद झालं तरी.

निघताना त्या बॅलन्सचे आकडे कागदावर लिहून त्याच्या पाठीला चिकटवून आलो. ज्यांचा जुना संगणक अजून चालू आहे, त्यांनी तो बंद पडण्याआधी त्याच्या पोर्ट सेटिंगमधले आकडे असेच उतरवून ठेवावेत.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक