निनावी पुस्तकाच्या मागावर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

वैष्णवांच्या वल्लभ संप्रदायातील महाराजांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, इतिहास सांगणारे ते १८६५ सालचे इंग्रजी पुस्तक अखेर मिळाले का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. मिळाले, पण त्यापायी आठ महिने गेले, आणि त्यांतले निदान सहा माझ्याच चुकीमुळे. जिथे जाईन तिथे मी त्याचे लेखक, गुजराती पत्रकार आणि सुधारक करसनदास मुळजी यांच्या नावाखाली शोधत होतो, आणि लंडनच्या ट्रुब्नर कंपनीने काढलेल्या त्या पुस्तकावर लेखकाचे नावच छापलेले नाही! जुनी कार्डे शीर्षकपान पाहून लिहिलेली असल्यामुळे ते ‘हिस्टरी’च्या खणात, इतर असंख्य हिस्टऱ्यांच्या गर्दीत, निवांत बसून होते. मध्यंतरी एका विक्रेत्याने मूळ प्रत असल्याचे छातीठोकपणे सांगून आगाऊ पैसे घेतले आणि धाडले ते स्कॅनवरून काढलेले पुनर्मुद्रण, तेही दोन पाने उलटी बांधलेले.

स्कॅन घरबसल्या वाचता येत असताना हा खटाटोप कशाला, असे तू म्हणशील. मला प्रत पाहायची होती, कारण पुस्तक कसे वाचले गेले हे प्रतीवरूनच कळते. या प्रतीच्या कडा बोट लागताच भुरभुरत होत्या, म्हणून ग्रंथपालांनी ती उशीवर ठेवून, पाने मी स्वतः न उलटता, मला दाखवली. वल्लभाचार्यांचा आणि त्यांच्या मतांचा इतिहास सांगणारी प्रकरणे जवळजवळ कोरी होती. १८६२ च्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातील साक्षी असलेल्या पुरवणीत मात्र समासात पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांवर केलेल्या उपदंशाच्या उपचारांविषयीच्या साक्षीपाशी तर कोणीतरी दुहेरी रेघ ओढली होती. पुरवणी आकाराने जवळपास मूळ ग्रंथाएवढीच आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर फार जाणवते.

पार्श्वभूमी तुला ठाऊक आहेच. करसनदासांच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राच्या २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्यांनी महाराजांच्या अनाचारावर लिहिलेल्या लेखावरून सुरतेच्या जदुनाथजी महाराजांनी करसनदासांवर आणि मुद्रक नानाभाई राणिना यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावून ५०,००० रुपये मागितले, मुंबईच्या सुप्रीम कोर्टात २५ जानेवारी १८६२ ला सुनावणी सुरू झाली आणि २२ एप्रिलला निकाल लागून करसनदासांना ११,५०० रुपये खर्च मिळाला.

मला अडते ते इथे. ज्याच्यावर दावा झाला, त्यानेच तीन वर्षांनी प्रतिपक्षाच्या संप्रदायाचा इतिहास लिहिला, आणि तोही स्वतःचे नाव न घालता, जणू कोणी त्रयस्थ बोलत आहे. करसनदासांच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जातीबाहेर पडण्याची किंमत त्यांनी मोजलीच. तरीही हे पुस्तक इतिहास म्हणून वाचण्याआधी एका पक्षाची कैफियत म्हणून वाचायला हवे, असे माझे मत बनले आहे. वैष्णव भक्तांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेला त्यात फारशी जागा नाही, आणि पुढच्या कित्येक लेखकांनी त्यातली वाक्ये उलटतपासणी न करता उचलली आहेत.

म्हणून आता तुझ्याकडे मागणे आहे. जदुनाथजींच्या बाजूने ‘स्वधर्मवर्धक अने संशयछेदक’ नावाचे गुजराती नियतकालिक निघत होते आणि करसनदासांचा तो लेख त्यातील मजकुराला उत्तर म्हणूनच आला होता. तुझे गुजराती माझ्यापेक्षा कितीतरी चांगले, आणि मुंबईतल्या जुन्या गुजराती संग्रहांत तुझी ये-जा आहे. १८६० चे अंक कुठे शिल्लक असतील तर तेवढे पाहशील का? शोधताना नावापेक्षा शीर्षकाखाली शोध. हा धडा मी फार महागात घेतला आहे. अंक मिळाले आणि नक्कल करू दिली नाही, तर हाताने उतरवून घ्यायला मी दोन दिवस रजा काढून येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत