बोटीवरच्या कर्जाच्या बोजाचीही नोंद दिसावी

संपादक महोदय,

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि याच दिवसांत जुन्या बोटींचे सौदे ठरतात. माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी अशीच एक यांत्रिक नौका घेतली. लाकूड ठोकून पाहिले, इंजिन चालवून पाहिले, नोंदणीचा कागदही पाहिला. त्या नौकेवर आधीच्या मालकाचे कर्ज थकले आहे, हे मात्र वसुलीची नोटीस आली तेव्हा कळले. आईचे दागिने मोडून पैसे उभे केले होते त्याने.

शेत घेताना सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा दिसतो. साध्या मोटारसायकलच्या आरसी बुकावरही कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव असते. मग लाखोंच्या नौकेबाबत खरेदीदाराने बँका, पतपेढ्या आणि मच्छीमार सोसायट्यांचे उंबरे का झिजवावेत? राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे कर्ज तर सोसायटीमार्फतच मिळते, त्यामुळे तिचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) मागितल्याशिवाय कोणीही विसार देऊ नये. इंजिनाचा नंबरही कागदाशी ताडून पाहावा. इंजिन बदललेले असू शकते.

नौकांची नोंदणी आता ऑनलाइन होते. नौकेचा क्रमांक टाकताच आजवरचे मालक आणि चालू कर्ज कोणालाही पाहता यावे, एवढी सोय मत्स्यव्यवसाय विभागाने पुढच्या बंदीकाळाआधी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक मच्छीमार, हर्णै (ता. दापोली)