नखाजवळचं रक्त आणि तुझा नवा कॅमेरा

डॉक्टर भाऊ, राम राम. बठ्ठं बरं शे ना?

धडगावकडच्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आजार) पेशंटचं नखाच्या मुळाशी कातडीखाली वाहणारं रक्त शूट करायला घेतलंस, भारी वाटलं. पण चित्र धुरकट येतं म्हणून जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा? नको घेऊ. आधी लाईट नीट कर.

बघ, केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तांबडी पेशी सात-आठची, त्यामुळे पेशी एकामागोमाग अंग चोरून जातात. वेग धर सेकंदाला अर्धा मिलिमीटर. एका फ्रेमला ३० मिलिसेकंद एक्स्पोजर दिलंस तर तेवढ्यात पेशी १५ मायक्रॉन पुढे सरकते, मग पेशी कसली दिसते, नुसता पट्टा ओढलेला! १ मिलिसेकंदावर आण, अर्धाच मायक्रॉन हलेल. एवढ्या वेळात उजेड कमी पडतो, म्हणून एलईडी सतत चालू न ठेवता कॅमेऱ्याबरोबर झपकन फ्लॅश करायचा, बोटही तापत नाही. आणि फ्रेम सेकंदाला १०० च्या वर हव्यात, नाहीतर दोन पेशींमधली फट मागच्या फ्रेममधलीच की दुसरी तेच कळत नाही अन् वेग भलताच निघतो.

रंग हिरवा, ५४० नॅनोमीटरच्या आसपास. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, रक्त काळं उठून दिसतं. ४१५ च्या निळ्यात अजून जास्त शोषतं खरं, पण सावळ्या कातडीत मेलॅनिन पण निळा गिळतं आणि तो विखुरतो पण जास्त, म्हणून मी तरी हिरवाच घेईन.

खरा त्रास चकाकीचा आहे. कापूस वेचणारे हात ते, नखाजवळची कातडी भेगाळलेली, प्रत्येक भेगेवरून उजेड उलटा कॅमेऱ्यात. लिक्विड पॅराफिनचा एक थेंब टाक, भेगा भरतात, तेलाचा अपवर्तनांक कातडीच्या जवळपास असल्याने चकाकी बरीच बसते. उरलेलीसाठी एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी काच, दिव्यापुढे, दुसरा लेन्सपुढे ९० अंशात फिरवून लाव. वरून परतलेला उजेड अडतो, आत भरकटून आलेला येतो. हे जुगाड स्वस्तात होतं, आणि मेगापिक्सेलने हे होणारच नाही.

लेझर स्पेकलचं विचारलंस, म्हणजे लेझरच्या उजेडात दिसणाऱ्या ठिपक्यांवरून प्रवाह मोजायची पद्धत, त्याने सगळ्या बोटाच्या प्रवाहाचा नकाशा मिळतो, एकेक पेशी नाही. तुला पेशी बघायच्यात ना?

आणि बाहेर ४४ डिग्री अन् आत तुझा एसी, गार बोटात प्रवाह मंदावतो, तू म्हणशील आजार. पेशंटला आधी पंधरा-वीस मिनिटं साध्या खोलीत बसव. निदान मात्र इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या रक्ततपासण्यांनीच बरं का, हा व्हिडिओ फक्त प्रवाह बघायला.

व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाकू नको, ते दाबून बारीक करतं आणि पेशींमधल्या फटी पहिल्या मरतात. पेनड्राईव्ह घेऊन जळगावला येच, भरीत-भाकरी करून ठेवतो.

तुझा,
भाऊ