संगणक सुरू होत नाही म्हणून लगेच फॉरमॅट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक सुरू होईनासा झाला की 'विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल' (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल) हे उत्तर इतक्या सहज दिले जाते की ऐकणाराही मान हलवून मोकळा होतो. आम्ही संगणकांच्या देखभाल-दुरुस्तीचे काम करतो आणि या सवयीविरुद्ध जाहीरपणे बोलायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते. बिघाड अनेकदा एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात), रॅममध्ये (तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीत), एखाद्या सैल केबलमध्ये किंवा बायॉसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रणालीच्या) बदललेल्या सेटिंगमध्ये असतो. फॉरमॅटने यातले काहीच दुरुस्त होत नाही. जातात ते फोटो, हिशेब आणि अर्धवट राहिलेले प्रबंध. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही बरीच माहिती परत काढता येत असे. एसएसडीची (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कची) गोष्ट वेगळी आहे. फॉरमॅट करताच विंडोज तिला 'ट्रिम'चा आदेश देते, एसएसडी ते कप्पे आतून रिकामे करून टाकते आणि मग बहुतेक वेळा कोणाच्याच हाती काही लागत नाही.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारावा: गाडी नेमकी कुठे अडते? बटण दाबल्यावर एसएमपीएस वीज देतो, वीज स्थिर झाल्याचा इशारा मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीला) मिळतो, प्रोसेसर जागा होतो, बायॉस रॅम आणि ग्राफिक्स तपासते, पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते, डिस्क सापडते आणि सर्वांत शेवटी विंडोज. पडद्यावर काहीच आले नसेल, तर विंडोजची पाळी अजून आलेलीच नाही. अशा अवस्थेत कोणी फॉरमॅट सुचवला, तर त्याने तपासणी केलेली नाही, असे खुशाल समजावे.

बटण दाबून पंखाही फिरत नसेल, तर सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे, एक्स्टेंशन आणि यूपीएस वगळून संगणक थेट जोडावा, एसएमपीएसच्या मागच्या बाजूला शिरणारी पॉवर कॉर्ड घट्ट दाबावी (ती सैल पडणे फार नेहमीचे आहे) आणि शेजारचा छोटा स्विच 'ओ'वर नसून उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेला आहे ना, ते पाहावे. तरीही हालचाल नसेल तर कॉर्ड काढून पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरावे म्हणजे आत साठलेला भार उतरतो, आणि मग पुन्हा जोडून पाहावे. बऱ्याच मदरबोर्डवर एक बारीक दिवा असतो. संगणक बंद असतानाही तो पेटलेला असेल, तर एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा येतो आहे. मग संशय बटणावर घ्यावा. बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले आणि संगणक सुरू झाला, तर दोष फक्त बटणाचा. रीसेट बटणाची वायर त्या जागी लावून काम निभावता येते.

एसएमपीएस वेगळा तपासायचा असेल तर वीज बंद करून २४ पिनांचा मोठा कनेक्टर मदरबोर्डवरून काढावा, हिरवी वायर आणि कोणतीही एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मग वीज द्यावी. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर हिरवीची जागा म्हणजे १६ क्रमांकाची पिन. पंखा फिरला नाही, तर एसएमपीएस बहुधा मेला आहे. फिरला म्हणून तो धडधाकट ठरत नाही, कारण भार नसताना ठीक दिसणारा एसएमपीएस भार आल्यावर मान टाकू शकतो. मल्टिमीटर असल्यास संगणक जोडलेला असताना १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आकडा यायला हवा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कोणीही उघडू नये. कॉर्ड काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ टिकून राहू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

पंखा एक-दोन सेकंद फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पत्री, मदरबोर्डखाली अडकलेला सुटा स्क्रू आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर नीट न बसणे, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) एका कोपऱ्यातून सुटला आहे का, ते बघावे.

आता सर्वांत जास्त वेळा दिसणारी अवस्था: पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. आधी मॉनिटरची केबल कुठे आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात केबल कार्डालाच लावायची असते. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लागते आणि संगणक बिघडल्याची हाकाटी होते. त्यानंतर रॅम. वीज बंद, कॉर्ड बाहेर, हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला टेकवून अंगावरची स्थिर वीज उतरवलेली. स्लॉटच्या खिट्ट्या उघडून रॅम सरळ वर काढावी. तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरल्या तर काळपट थर किंवा बोटांचे डाग स्पष्ट दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले मऊ कापड फिरवणे उत्तम. नसेल तर पांढरे खोडरबर हलक्या हाताने चालवावे आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू न देता झटकावा. पॉलिश पेपर कधीही नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोके खिट्टी 'टक' करेपर्यंत दाबावीत. अर्धवट बसलेली रॅम वरून पाहताना बसल्यासारखीच दिसते.

दोन किंवा चार रॅम असतील तर एकच ठेवून सुरू करावे. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर एकटी रॅम सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते. मग दुसरी, मग दुसरा स्लॉट. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. डीडीआर ५ रॅम नव्याने बसवल्यावर किंवा बायॉस रीसेट झाल्यावर मदरबोर्ड तिची जुळणी करत काही मिनिटे काळा पडदा दाखवू शकतो. तेवढा धीर धरावा. मध्येच बंद केले की ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (सुरू होण्याची डिस्क) अशी नावे लिहिलेले चार दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे घोडे अडले आहे. जुन्या बोर्डांवर हेच काम बीपच्या आवाजाने होते, पण बीपचा अर्थ बायॉसच्या कंपनीनुसार बदलतो. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच निष्कर्ष काढावा.

इथे बायॉसच्या सेलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक अनावश्यक फॉरमॅट याच्याच पोटी होतात, असे आमचे मत आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो, आणि अनेक बोर्डांवर सेटिंगही त्याच्याच आधाराने टिकतात. तो २.८ व्होल्टच्या खाली उतरला की बदललेला बरा. सेल संपल्याची खूण म्हणजे तारीख-वेळ मागे जाणे. पण त्याचबरोबर बायॉसची सेटिंगही कारखान्यातल्या मूळ स्थितीला जाऊ शकतात. डिस्कचा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) 'रेड'वरून 'एएचसीआय'वर किंवा उलट गेला, तर विंडोज निळा पडदा दाखवून 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणते. संगणक सुरू करण्याच्या जुन्या 'लेगसी' पद्धतीने बसवलेली विंडोज असेल आणि बायॉस नव्या 'यूईएफआय' पद्धतीवर गेले, तर 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश येतो. दोन्ही वेळा डिस्क ठणठणीत, विंडोज शाबूत. बायॉसमध्ये जाऊन मोड पूर्ववत केला आणि नवा सेल घातला की काम झाले. अशा संगणकावर फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकली तर तीही सुरू होते, कारण ती बदललेल्या मोडनुसारच स्वतःला बसवून घेते. त्यामुळे 'फॉरमॅटने दुरुस्त झाले' हा समज पक्का होतो आणि पुढच्या संगणकावरही तोच प्रयोग होतो.

सेल काढण्यापूर्वी किंवा बायॉसला हात लावण्यापूर्वी एक खबरदारी मात्र घ्यावी. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने (माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायॉसची सेटिंग बदलली किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर माहिती डिस्कवर असूनही उघडत नाही, आणि त्यावर कोणाकडेही जादू नाही.

कंपनीचे चिन्ह येऊन संगणक पुढे सरकत नसेल, तर आधी लावलेले सगळे पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क काढाव्यात. मग बायॉसच्या यादीत आपली डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी किंवा मदरबोर्डवरच बसणारी एम.२ एसएसडी काढून पुन्हा बसवावी. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने 'टक टक' असा आवाज येत असेल तर त्या क्षणी वीज बंद करावी. चेक डिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) नाही, पुन्हा एकदा चालू करून बघणे नाही. प्रत्येक फेरीत आतल्या तबकडीवर ओरखडे वाढण्याचा धोका असतो. ती डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावी.

डिस्क दिसते आणि विंडोज अडते, असे असेल तरच विंडोजकडे वळावे. चालू होत असताना दोन-तीन वेळा पॉवर बटण दाबून धरून बंद केले की विंडोज १० आणि ११ स्वतःहून दुरुस्तीचा पडदा आणतात. (पडद्यावर अपडेटचे टक्के सरकत असतील, तर हे करू नये.) तिथे 'ट्रबलशूट' आणि 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'स्टार्टअप रिपेअर', शेवटचे अपडेट काढून टाकणे, 'सिस्टीम रिस्टोअर' आणि 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून ४ दाबून सेफ मोड (किमान सोयींसह विंडोज सुरू करणे), एवढे उपाय हाताशी असतात. यातल्या एकानेही आपल्या फाइली पुसल्या जात नाहीत. 'रीसेट धिस पीसी'मधला 'रिमूव्ह एव्हरीथिंग' हा पर्याय मात्र फॉरमॅटचाच भाऊ आहे, तो दाबू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यावरून आत शिरून एक सदोष फाइल काढून टाकणे. कुलूपबंद डिस्कना आधी ती ४८ अंकी की द्यावी लागली, आणि जिथे ती नोंदवून ठेवलेली नव्हती तिथे काम खोळंबले.

हे सगळे करूनही विंडोज उठली नाही, तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी उरतेच. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू तयार करावे, त्यावरून बंद पडलेला संगणक सुरू करावा, 'इन्स्टॉल'ऐवजी 'ट्राय'चा पर्याय निवडावा आणि विंडोजच्या डिस्कवरील 'यूजर्स' फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली तरी हरकत नाही, कॉपी करायला तेवढे पुरते.

लॅपटॉपचे वेगळे असे थोडेच. अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि वॉट मूळ अॅडॉप्टरशी जुळतात ना ते पाहावे. पडदा काळा असेल तर बाहेरचा मॉनिटर लावावा आणि टॉर्च तिरका धरून पडद्यावर पुसट चित्र दिसते का ते बघावे. दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर चार्जिंग लगेच थांबवावे आणि बॅटरी दाबू किंवा टोचू नये.

संगणक दुरुस्तीला देताना पावतीवर 'माहितीची प्रत काढल्याशिवाय व ग्राहकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' हे वाक्य लिहून घ्यावे, अशी वाचकांना विनंती आहे. आमच्या व्यवसायबंधूंनीही ते स्वतःहून छापावे. आणि ज्यांचा संगणक आज नीट चालतो आहे, त्यांनी सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती ४८ अंकी की काढून कागदावर उतरवावी आणि तो कागद त्या संगणकाच्या पिशवीत न ठेवता दुसरीकडे जपून ठेवावा.

आपले,
संगणक देखभाल-दुरुस्तीच्या कामातील काही वाचक